थर्मोस्टॅट काढून टाकू नका

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मार्च-एप्रिल उजाडला की गाडी तापू नये म्हणून काय करावे, यावर भरपूर लिहून येते. इंजिन गरजेपेक्षा थंड चालू लागले तर काय होते, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. गोव्यात तर तो दोष आहे हेच मानले जात नाही. तापमानाचा काटा खाली आहे ना, मग गाडी ठीक आहे, अशी मालकाची समजूत असते.

याच समजुतीतून एक वाईट सवय रुजली आहे. गाडी एकदा तापली की थर्मोस्टॅट (कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, रेडिएटरकडची वाट उघडणारा-मिटवणारा व्हॉल्व्ह) काढून फेकायचा आणि फॅन डायरेक्ट, म्हणजे सतत फिरता, करून द्यायचा. 'आपल्याकडे बर्फ थोडाच पडतो, हवा कशाला तो व्हॉल्व्ह?' असे ग्राहकाला सांगितले जाते आणि त्यालाही ते पटते. पण थर्मोस्टॅटचा बर्फाशी काडीचा संबंध नाही. इंजिनला हवे असतात साधारण ८५ ते ९५ अंश सेल्सियस, आणि पणजीत भर मे महिन्यातही बाहेर ३४-३५ अंशच असतात. इंजिनच्या हिशेबाने आपला मे महिनासुद्धा थंडच.

थर्मोस्टॅट म्हणजे स्प्रिंग लावलेली मेणाची छोटी डबी. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, त्यामुळे कूलंट इंजिनचा ब्लॉक आणि हीटर यांच्यातच फिरते व लवकर गरम होते. ८२ किंवा ८८ अंशांना (गाडीप्रमाणे हा आकडा बदलतो आणि बहुधा त्याच्या पत्र्यावरच कोरलेला असतो) मेण वितळून फुगते, खिळ ढकलते आणि रेडिएटरची वाट उघडते. तो उघडा अडकला किंवा जागेवर नसलाच, तर पहिल्या मिनिटापासून सगळे कूलंट रेडिएटरमधून फिरत राहते. मग पर्वरीच्या गर्दीत काटा हळूहळू वर येतो आणि वेर्ण्याच्या पठारावर मोकळा रस्ता मिळून वेग सत्तरवर गेला की पुन्हा खाली पडतो. ही खूण लक्षात ठेवावी. वेगाबरोबर काटा पडत असेल तर बहुतेक वेळा थर्मोस्टॅटच दोषी असतो. सेन्सर किंवा वायर खराब असेल तर काटा वेग बघत नाही, तो मनाला येईल तसा उड्या मारतो किंवा तळालाच पडून राहतो. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना काटा थोडा खाली येणे मात्र नैसर्गिक आहे, कारण उतारावर पाय काढला की इंजिनला इंधनच जात नाही. पायथ्याला सपाट रस्ता लागल्यावर तो पाच-सात मिनिटांत जागेवर यायला हवा.

थंड मुलखात हा दोष लगेच कळतो, कारण हीटर गार हवा फेकू लागतो. आपल्याकडे हीटरच्या बटणाला वर्षानुवर्षे कोणी हात लावत नाही, म्हणून दोष लपून राहतो. चाचणी मात्र तीच वापरता येते. गाडी पंधरा मिनिटे चालवावी, एसी बंद करावा, नॉब पूर्ण लाल बाजूला फिरवावा आणि हात झरोक्यासमोर धरावा. हवा हाताला सोसवणार नाही इतकी गरम हवी. नुसती कोमट असेल तर एकतर इंजिन तापत नाही, नाहीतर हीटरमध्ये हवा अडकली आहे. नव्या अनेक गाड्यांत काटाच नसतो, फक्त एक निळा दिवा असतो. तो गाडी चालू केल्यावर पेटतो आणि काही मिनिटांत विझतो. म्हापसा ते पणजी असे तेरा-चौदा किलोमीटर जाऊनही तो विझत नसेल, तर गाडी तपासायला द्यावी.

नुकसान कुठे होते? सुरुवात पेट्रोलपासून. कूलंट ६५ अंशांवर आहे असे सेन्सर सांगत राहिला की इंजिनचा कॉम्प्युटर गाडी अजून गरम व्हायची आहे असे धरतो आणि जास्त पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज घटते, स्पार्क प्लगवर कोरडी काळी काजळी धरते, पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड जास्त दिसतो. मालक प्लग बदलतो, इंजेक्टर साफ करून घेतो आणि महिन्याभराने पुन्हा तेच. ऑइलचे नुकसान याहून मोठे आणि ते दिसत नाही. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातली थोडी वाफ पिस्टन रिंगांच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइल नीट तापले तर ती उडून जाते. ते कोमटच राहिले तर पाणी आणि न जळलेले पेट्रोल तिथेच साचते. ऑइलचे झाकण उघडून पाहा, आतल्या बाजूला लोण्यासारखा पिवळट थर दिसेल. हा थर दिसला की हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधली, कूलंट ऑइलमध्ये जाऊ न देणारी पट्टी) गेली असे ठरवून हेड उतरवायची घाई होते. आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टी, पाहा. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ आहे आणि कूलंटही कमी होत नाही, तर तो थर बहुधा थंड चालण्याचा आहे. पावसाळ्यात घर ते ऑफिस तीन-चार किलोमीटरच चालणाऱ्या निर्दोष गाडीतही असा पातळ थर येतो, हेही सांगायला हवे.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी तर हे अजिबात अंगावर काढू नये. या गाड्यांतील सायलेन्सरच्या वाटेवरचा डीपीएफ फिल्टर काजळी जाळून स्वतःला साफ करतो, पण कूलंट पुरेसे गरम झाल्याशिवाय कॉम्प्युटर ते काम सुरूच करत नाही. काजळी साचते, दिवा लागतो, पिकअप जातो. काहीशे रुपयांच्या थर्मोस्टॅटपायी फिल्टरचा खर्च हजारोंमध्ये जातो.

आता तपासणी. पहिली गोष्ट, सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचे झाकण उघडून पातळी पाहावी. नुसत्या कूलंटच्या प्लास्टिकच्या बाटलीवर विसंबू नये. हे आधी करायचे कारण म्हणजे सेन्सरचे टोक कूलंटमध्ये बुडलेले असले तरच तो खरे सांगतो. कूलंट इतके कमी झाले की टोक हवेत उघडे पडले, तर आत इंजिन उकळत असतानाही काटा थंड दाखवू शकतो. काटा वर चढून अचानक तळाला पडला तर दिलासा मानू नका, गाडी बाजूला घेऊन बंद करा. आणि तापलेल्या इंजिनचे झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो, उकळते पाणी थेट तोंडावर येते.

पातळी बरोबर असेल तर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारे यंत्र, लावावा. रात्रभर उभ्या गाडीत इंजिन सुरू करण्यापूर्वी कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसायला हवे, फरक तीन-चार अंशांचा चालेल. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर थर्मोस्टॅटला हात लावू नका, सेन्सरचा प्लग सुटला आहे किंवा वायर तुटली आहे. अशा वेळी बऱ्याच गाड्या काळजी म्हणून फॅन सतत फिरवत ठेवतात. सेन्सर मल्टीमीटरनेही तपासता येतो. आपल्याकडच्या सकाळच्या हवेत बहुतेक सेन्सर सुमारे दोन हजार ओहम दाखवतात आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास उतरतात. जुन्या गाड्यांत काट्यासाठी वेगळा आणि कॉम्प्युटरसाठी वेगळा असे दोन सेन्सर असतात. काटा थंड पण स्कॅनर ९० म्हणत असेल, तर इंजिन ठीक आणि काट्याचा सेन्सर खराब. स्कॅनरवर पी०१२८ हा दोषाचा कोड आला की मात्र बहुतेकदा थर्मोस्टॅट.

स्कॅनर नसला तरी हात आहे. गार इंजिन सुरू करून रेडिएटरचा वरचा होज (जाड रबरी नळी) धरून पाहावा, फॅनपासून बोटे लांब ठेवून. थर्मोस्टॅट चांगला असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि इंजिन तापल्यावर एकदम गरम होतो. पहिल्या दोन-तीन मिनिटांपासून तो हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा नाहीच. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या बाजूला बसवलेला असतो, तिथे खालचा होज पाहावा लागतो. फॅन डायरेक्ट असणे हे इंजिन थंड चालण्याचे एकटे कारण मात्र नसते. थर्मोस्टॅट शाबूत असेल तर फॅन अखंड फिरूनही इंजिन फार थंड पडत नाही, कारण रेडिएटरची वाटच बंद असते.

काढलेला थर्मोस्टॅट घरच्या टोपात तपासता येतो. आधी उजेडासमोर धरा. बंद असताना कडेने फट दिसली तर तो बाद. मग दोऱ्याला बांधून पाण्यात सोडा, टोपाच्या बुडाला टेकू देऊ नका, आणि थर्मामीटर घालून मंद आचेवर पाणी तापवा. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे तो उघडू लागला पाहिजे. पाणी उकळेपर्यंत झडप साधारण ८ मिलिमीटर उचलली जावी आणि गार झाल्यावर पुन्हा घट्ट मिटावी. बदलायचा तर त्याच आकड्याचा घ्या. '७६ अंशांचा टाका, गाडी गार राहील' हा सल्ला ऐकू नका.

बसवताना मेणाच्या डबीचे तोंड इंजिनच्या बाजूला आणि हवा जाण्याचे छोटे भोक वरच्या दिशेला. नवी ओ-रिंग किंवा गॅस्केट घाला. झाकण बहुधा ॲल्युमिनियमचे आणि बोल्ट दहाच्या पान्याचे असतात, ते दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळत न्या. एकाच बाजूने ताणले तर झाकणाचा बोल्टजवळचा कान मोडतो. भरताना कूलंट अर्धे, डिस्टिल्ड वॉटर अर्धे. गोठण्याची भीती नाही म्हणून विहिरीचे किंवा नळाचे पाणी ओतू नये, त्यातल्या क्षारांनी रेडिएटर चोंदतो आणि गंजही लागतो. मग गाडीचे तोंड थोडे चढावर ठेवून, झाकण इंजिन गार असतानाच उघडून आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा. वरचा होज अधूनमधून दाबत बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहा, झाकण लावा आणि फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबा. दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर पातळी पुन्हा पाहा. काढलेले कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते गोड लागते म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात.

'काढून टाकला की निदान गाडी तापत तरी नाही' हेही सगळ्या गाड्यांना लागू नाही. पुष्कळ इंजिनांतल्या थर्मोस्टॅटला मागे दुसरी चकती असते. मुख्य वाट उघडताना ती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायम उघडा राहतो, थोडे कूलंट रेडिएटरला न जाता तसेच परत इंजिनमध्ये फिरते, आणि गर्दीत एसी लावून उभी असलेली गाडी उलट जास्त तापते. गाडी मुळात तापली कशाने, चोंदलेल्या रेडिएटरने, गळक्या पंपाने की ढिल्या झाकणाने, हे न शोधता थर्मोस्टॅट काढणे म्हणजे दुखणे झाकणे.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी वरच्या होजची चाचणी करूनच पैसे द्यावेत. आणि मेकॅनिक बांधवांना एक विनंती. नवा थर्मोस्टॅट मिळेपर्यंत दोन दिवस गाडी त्याशिवाय चालवणे कधीकधी भाग पडते, हे मान्य. तेव्हा बॉनेटच्या आतल्या बाजूला पट्टी चिकटवून 'थर्मोस्टॅट काढला आहे' असे तारखेसह लिहून ठेवा. पुढचा मेकॅनिक त्या गाडीचे सेन्सर आणि प्लग बदलत बसणार नाही.

आपला,
एक मोटार मेकॅनिक, फोंडा-गोवा