गाणी पुन्हा ऐकायला लावणारे प्रश्न हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गाजलेल्या पाश्चात्त्य पॉप आणि रॉक अल्बमवर आधारित पंचवीस प्रश्नांची प्रश्नमंजुषा प्रसिद्ध झाली होती. हा विषय मराठी वृत्तपत्रात सहसा वाट्याला येत नाही, म्हणून ती अत्यंत आवडीने सोडवली. पुढच्या आठवड्यात छापून आलेल्या उत्तरांशी ताडून पाहता माझी एकोणीस उत्तरे जुळली. चुकलेल्या सहांपैकी चार ठिकाणी माझे अज्ञान निर्विवाद आहे, उरलेल्या दोन ठिकाणी मात्र चूक उत्तरपत्रिकेची किंवा प्रश्नाच्या मांडणीची आहे, असे माझे नम्र मत आहे.

पहिला प्रश्न ‘बीटल्सचा अखेरचा अल्बम कोणता?’ असा होता. छापील उत्तर ‘लेट इट बी’, माझे उत्तर ‘अ‍ॅबी रोड’. ‘लेट इट बी’ मे १९७० मध्ये बाजारात आला आणि ‘अ‍ॅबी रोड’ सप्टेंबर १९६९ मध्ये, हे खरेच आहे. परंतु ‘लेट इट बी’मधील बहुतेक गाणी जानेवारी १९६९ मध्येच ध्वनिमुद्रित झाली होती आणि नंतर टेपा तशाच पडून राहिल्या होत्या. ‘अ‍ॅबी रोड’चे बरेचसे काम त्यानंतरच्या उन्हाळ्यात झाले. बीटल्स या वाद्यवृंदातील चौघांनी एकत्र बसून शेवटचा म्हणून जो अल्बम घडवला तो ‘अ‍ॅबी रोड’च होय. म्हणून ‘अखेरचा’ म्हणजे प्रकाशनाने अखेरचा की ध्वनिमुद्रणाने, हे प्रश्नातच स्पष्ट व्हायला हवे होते.

दुसरा प्रश्न ‘थ्रिलर’चा. या अल्बमसाठी मायकेल जॅक्सन यांना किती ग्रॅमी मिळाले, याचे उत्तर ‘आठ’ असे छापले आहे. फेब्रुवारी १९८४ च्या त्या समारंभात त्यांनी आठ पुरस्कार उचलले हे बरोबर, पण त्यांतील एक ‘ई. टी.’ या चित्रपटाच्या कथेवरील ध्वनिमुद्रिकेसाठी, लहान मुलांसाठीच्या ध्वनिमुद्रणाच्या विभागात मिळाला होता. त्यांचे ‘थ्रिलर’शी निगडित पुरस्कार सात. गंमत अशी, की ‘थ्रिलर’ या अल्बमच्या खात्यावरही आठच पुरस्कार दाखवता येतात, कारण उत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार ध्वनिअभियंता ब्रूस स्वीडियन यांना मिळाला. म्हणजे आकडा तोच असला तरी हे आठ वेगळे आणि ते आठ वेगळे. एका आकड्यात उत्तर मागितले, की त्या आकड्यामागचा माणूस कसा दिसेनासा होतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

आणि माझी खरी तक्रार याच जागी आहे. पंचवीसपैकी चौदा प्रश्न किती प्रती खपल्या, किती आठवडे खपाच्या यादीत राहिला आणि सर्वकालीन श्रेष्ठ अल्बममध्ये कितवा, या तीन प्रकारांत मोडत होते. ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाने २००३ मध्ये पाचशे अल्बमची यादी केली तेव्हा बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ पहिला होता आणि अमेरिकन गायक मार्व्हिन गे यांचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ सहावा. २०२० च्या नव्या यादीत ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पहिला आला. मधल्या सतरा वर्षांत त्या तबकडीवरचा एकही सूर बदललेला नव्हता, मत देणारे तेवढे बदलले होते. असले क्रमांक पाठ केल्याने संगीताविषयी नेमके काय कळते, हे मला आजवर उमगलेले नाही.

त्याच अल्बमविषयी विचारण्यासारखे किती तरी आहे. शीर्षकगीताच्या आरंभी एलाय फाँटेन यांच्या सॅक्सोफोनची जी आळसावलेली, लांबवर नेणारी ओळ ऐकू येते, ती मुळात वाद्य गरम करण्यासाठी सहज वाजवलेली फुंकर होती. ध्वनिमुद्रणासाठी खरी ओळ अजून वाजवायचीच आहे, अशा समजुतीत वादक होते, तर मार्व्हिन गे यांनी हवे ते मिळाले, असे सांगून त्यांना मोकळे केले. त्याच गाण्यात गे यांचा आवाज स्वतःलाच साद घालत जातो, तेही योगायोगाने घडले. त्यांनी मुख्य गायन दोनदा ध्वनिमुद्रित केले होते आणि त्यांतून एक निवडायचे होते. तुलनेसाठी ऐकवताना दोन्ही एकाच वेळी लागले आणि ते ऐकून त्यांनी दोन्ही तसेच ठेवायचे ठरवले. आधीच्या पॉप गाण्यांत आवाज दुहेरी करत असत तो भरीवपणासाठी, एकावर एक नेमका बसवून. इथे मात्र एक आवाज पुढे जातो, दुसरा मागून येतो, मध्येच त्याला छेद देतो, आणि हे सगळे एकाच माणसाच्या मनातले वाटते. मोटाउन या ध्वनिमुद्रिका कंपनीचे प्रमुख बेरी गॉर्डी यांना हे गाणे बाजारात आणायचेच नव्हते. जानेवारी १९७१ मध्ये ते एकटे प्रसिद्ध झाले, धडाक्याने खपले आणि मगच अल्बमचा मार्ग मोकळा झाला. वर्षानुवर्षे निनावी राहिलेल्या मोटाउनच्या वादकांची नावे याच अल्बमच्या कव्हरवर प्रथम छापली गेली, ही बाब मला कोणत्याही खपाच्या आकड्यापेक्षा मोठी वाटते.

ज्याचे उत्तर कळल्यावर ते गाणे पुन्हा लावून पाहावेसे वाटते, तो प्रश्न मी चांगला मानतो. ‘अ‍ॅबी रोड’च्या अगदी शेवटी ‘हर मॅजेस्टी’ हे जेमतेम तेवीस सेकंदांचे गाणे आहे. ते मुळात दुसऱ्या बाजूवरील सलग गीतमालिकेत ‘मीन मिस्टर मस्टर्ड’ आणि ‘पॉलिथीन पॅम’ या दोन गाण्यांच्या मध्ये होते. बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनी यांना ते तिथे रुचले नाही, म्हणून त्यांनी ते काढून टाकण्यास सांगितले. बीटल्सचे काहीही फेकायचे नाही, अशी ताकीद असल्याने जॉन कर्लँडर या तरुण साहाय्यकाने तो तुकडा टेपच्या शेवटी थोडी कोरी फीत सोडून चिकटवून ठेवला. पुढे नमुना तबकडी कापताना तो चुकून तसाच आला आणि मॅकार्टनींना ती चूकच आवडली. म्हणून त्याआधीचे ‘दि एंड’ हे गाणे संपल्यावर सुमारे चौदा सेकंद काहीच वाजत नाही आणि मग अचानक एक दणदणीत झंकार येतो. हा झंकार ‘हर मॅजेस्टी’चा नव्हेच, तो ‘मीन मिस्टर मस्टर्ड’चा शेवटचा स्वरमेळ आहे, कापणी करताना या तुकड्याबरोबर आलेला. आणि गाण्याचा स्वतःचा शेवटचा सूर पलीकडच्या कापात गेला, म्हणून ते संपते असे वाटतच नाही, कोणी वाक्य अर्धे सोडून खोलीबाहेर निघून जावे तसे ते थांबते. हे एकदा कळल्यावर त्या शेवटच्या सेकंदाला कान टवकारल्याशिवाय राहत नाहीत. सुरुवातीच्या कव्हरांवर या गाण्याचे नावही नव्हते.

अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा १९८२ चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम असाच एक विषय. ती गाणी त्यांनी घरच्या खोलीत, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक टिपणाऱ्या यंत्रावर केवळ नमुना म्हणून मुद्रित केली आणि ती कॅसेट डबीशिवाय खिशात घालून कित्येक दिवस हिंडवली. नंतर वाद्यवृंदासह स्टुडिओत केलेल्या प्रयत्नांना त्या कॅसेटची सर येईना, म्हणून अखेर तीच प्रकाशित झाली.

पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’विषयी आपण किती आठवडे यादीत राहिला एवढेच विचारले. त्या अल्बममधील ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ या गाण्यात गायलेला एकही शब्द नाही. क्लेअर टोरी या गायिकेला जानेवारी १९७३ मधील एका रविवारी बोलावून, शब्द नकोत, आवाजाचेच वाद्य कर, अशा अर्थाच्या सूचना दिल्या गेल्या आणि तीस पौंड मानधन देण्यात आले. आपले गायन प्रत्यक्ष वापरले गेले, हे तिला दुकानात कव्हरवर स्वतःचे नाव दिसले तेव्हा कळले. त्या सुरावटी तिने उभ्या जागी रचल्या होत्या, म्हणजे ती केवळ गायिका नव्हे तर सहसंगीतकारही होती, हा मुद्दा तिने २००४ मध्ये न्यायालयात नेला. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि तेव्हापासून वाद्यवृंदातील रिचर्ड राइट यांच्या जोडीने तिचेही नाव रचनाकार म्हणून दिले जाते. गाणे रचले म्हणजे नेमके काय केले, हा प्रश्न या एका उदाहरणातून जितका नेमका पुढे येतो तितका दहा व्याख्यांतून येणार नाही.

याच अल्बमबाबत आपल्या चौकटीत ‘तुम्हाला माहीत आहे का?’ या मथळ्याखाली, तो ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटाबरोबर जुळवून केला आहे, असे छापले गेले. वाद्यवृंदाने आणि ध्वनिअभियंता अ‍ॅलन पार्सन्स यांनी हे वारंवार नाकारले आहे. दोन लांबलचक गोष्टी एकाच वेळी सुरू केल्या, की कुठे ना कुठे जुळणारच. नाण्यांच्या खुळखुळाटाचा आणि गल्ल्याच्या खणखणाटाचा टेपचा फेरा कापून-जोडून त्यावर ‘मनी’ या त्यातल्याच गाण्याची सात मात्रांची लय कशी उभी केली, ही खरी हकिकत त्या चौकटीत सहज मावली असती.

पुढील प्रश्नमंजुषेत निम्मे तरी प्रश्न असे कानाशी निगडित असावेत, ही विनंती. तसेच वर उल्लेखिलेल्या दोन उत्तरांची आणि त्या चौकटीची दुरुस्ती यथावकाश छापावी. जानेवारी १९७० मध्ये बीटल्सपैकी जॉन लेनन यांच्या गैरहजेरीत उरलेल्या तिघांनी ‘लेट इट बी’साठी ‘आय मी माइन’ हे गाणे मुद्रित केले होते, हे प्रामाणिकपणे नोंदवणे भाग आहे. त्यामुळे बीटल्सच्या प्रश्नातील अर्धा गुण मी स्वखुशीने सोडतो. माझे एकूण गुण साडेवीस धरावेत.

आपला,
एक नियमित वाचक