‘हँडब्रेक ओढून गाडी चालवता का?’ असं न विचारणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

“नाव टाकू नका, गॅरेजसमोर गाडी लावायला आधीच जागा नाही, त्यात तुमची आणखी दहा माणसं कशाला,” असं म्हणालात, म्हणून नाव नाही आणि पत्ताही नाही. धनकवडीत, एवढंच लिहिते. आभार मात्र उघडपणेच मानायचे आहेत, कारण माझ्यावर ठपका आला तोही चारचौघांतच आला होता.

वर्षभरात मागचे ब्रेक पॅड दोनदा बदलले. दुसऱ्या वेळी तर जेमतेम ७,००० किलोमीटर झाले होते. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलाने झिजलेला पॅड माझ्यापुढे ठेवला आणि मागे सोफ्यावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मॅडम, तुम्ही हँडब्रेक तसाच ठेवून गाडी चालवताय.” सोफ्यावरचे एक गृहस्थ हसले. मी १९८९ साली लुनापासून सुरुवात केली, तेव्हा हा मुलगा जन्मलाही नसेल. पण असं कुणी ठामपणे सांगितलं की माणूस आधी स्वतःलाच तपासतो. त्यानंतर चार महिने मी सिग्नलला थांबले की पहिलं डॅशबोर्डवर बघायची, हँडब्रेकचा तो लाल दिवा लागलाय का. कधीच नसायचा. तरी घरी आल्यावर वाटायचं, मधे कुठे लागून गेला असेल. दीर म्हणाले, “वहिनी, होतं असं वयानुसार.” त्यांना मी उत्तर दिलं नाही. ते आज या पत्रात मिळेल.

त्या रविवारी साताऱ्याहून परत येताना कात्रजचा नवा बोगदा संपला आणि नवले पुलाकडचा उतार सुरू झाला. त्या उतारावर किती अपघात झालेत ते पुण्यात कुणाला सांगायला नको. आधी करपल्याचा वास आला. वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. मग पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं, मऊ, ओल्या फोमवर पाय ठेवावा तसं. गिअर खाली खाली आणत कडेला घेतली तेव्हा मागच्या डाव्या चाकातून धूर येत होता. पंक्चरवाल्याने तुम्हाला फोन लावला आणि तुम्ही स्कूटरवर आलात. रविवारी, दुपारी अडीचला! अंगावर घरातला बनियन होता आणि वर घाईत चढवलेला शर्ट.

आल्या आल्या तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत. बाटलीतलं पाणी बोटांवर घेतलंत आणि थालीपीठ टाकण्याआधी तव्यावर शिंपडतात तसं चारही चाकांच्या रिमवर शिंपडलंत. तीन चाकं गप्प. डावं मागचं चर्र झालं. मी बाटली घेऊन पुढे सरसावले तर हात आडवा केलात, “थेंबच बास ताई. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलं तर डिस्क वाकायची.” सकाळपासून मला ‘मॅडम’ न म्हणणारे तुम्ही पहिलेच.

गाडी पूर्ण गार होईपर्यंत पाऊण तास थांबवलंत. तेवढ्यात पेडल मऊ का झालं ते सांगितलंत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांच्या खाली उकळत नाही, पण पाणी मुरलेलं तेच ऑइल १५५ च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल दाबलं की आधी ते बुडबुडेच दबतात. गार झाल्यावर पेडल परत कडक लागलं, पण तुम्ही गाडी मला चालवू दिली नाहीत. स्वतः आंबेगावातून बैलगाडीच्या वेगाने गॅरेजपर्यंत आणलीत.

पुढचा अर्धा तास मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि त्यासाठीच हे पत्र. पुढच्या चाकांना दगड लावलेत, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक खाली, मागची दोन्ही चाकं उचलून गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवलेली. मला म्हणालात, “फिरवा.” उजवं चाक हाताने ढकललं तर दोन फेरे मारून थांबलं. डावं दोन्ही हातांनी लोटलं तरी जागचं हलेना. मग मला आत बसवून विचारलंत, “लाल दिवा आहे का?” नव्हता. “लिव्हर?” पूर्ण खाली. “मग चाक कुणी धरलंय?”

मी गप्प. तुम्ही म्हणालात, “ताई, त्या दिव्याचं बटण इथं लिव्हरपाशी असतं. लिव्हर खाली बसली की दिवा विझला. मागे चाकाशी काय चाललंय ते त्याला कळतच नाही.”

चार महिने मी ज्या दिव्याला साक्षीला बोलवत होते, त्याने मागचं काही पाहिलेलंच नव्हतं.

मग खाली शिरून हँडब्रेकच्या केबलचं टोक कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने धरणाऱ्या चिमट्याच्या, छोट्या लिव्हरमधून सोडवलंत आणि पुन्हा “फिरवा.” चाक फिरलं. थोडं घासत, पण फिरलं. म्हणजे पहिला चोर केबल. गाडीखाली ती जिथून वळते तिथलं रबर फाटलं होतं, दोन पावसाळ्यांचा चिखल आत गेला होता, आतली तार गंजून फुगली होती. आपण ओढली की ती यायची, कारण माणसाच्या हातात जोर असतो. सोडली की परत जायची नाही, कारण मागे ओढायला एक बोटभर स्प्रिंग. हँडब्रेक मी सोडायची, चाक सोडायचं नाही.

आणि घासत का होतं? माझ्या गाडीला मागेही डिस्क आहेत आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरवर चालतो. पॅड काढून माझ्या तळहातावर ठेवलेत. बाहेरचा ७ मिलिमीटर, आतला २ सुद्धा नाही, आणि तोही एका टोकाला जास्त खाल्लेला. “दोन्ही सारखे झिजले असते तर नुसती केबल म्हटलं असतं. हा तिरका आहे, म्हणजे पिन अडकलीय.” कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली खालची पिन पान्याने पिळून काढावी लागली. ग्रीस वाळून लाखेसारखं झालेलं. पिस्टन आतला पॅड दाबतो आणि कॅलिपर सरकला तर बाहेरचा पॅड ओढला जातो. सरकायचंच बंद झालं तर सगळा मार आतल्यावर. हे मला इतकं पटकन समजलं, कारण आमच्या घरीही एकत्र कुटुंब होतं.

माझा संताप खरा पुढच्या गोष्टीचा आहे. पॅड बदलायचे तर त्या पिनांशी हात जातोच. दोनदा गेला. हँडब्रेक उतारावर धरत नाही अशी तक्रार केली, तेव्हा सर्व्हिस सेंटरवाल्यांनी हँडब्रेकच्या लिव्हरजवळचा नट आवळून दिला. तुम्ही तो नट बघून नुसतं ‘च्च’ केलंत. पॅड झिजतील तसा कॅलिपर आतल्या आत स्वतःला जुळवून घेतो, पण त्यासाठी त्याची लिव्हर पूर्ण मागे टेकावी लागते. नट आवळल्यावर ती टेकेनाच. आधी पेडल मारून कॅलिपर जुळवायचा, केबलचा ढिलेपणा सगळ्यात शेवटी काढायचा, हे तुमच्याकडच्या त्या पोरालाही माहीत होतं. त्याने पिस्टन आत घेताना दाबला नाही, हत्यार लावून स्क्रूसारखा फिरवत नेला. तुम्ही त्याला टोकलंसुद्धा नाहीत.

डिस्क निळसर पडली होती. मला वाटलं, आता हिचाही खर्च. तुम्ही कडेवर कोरलेलं ‘मिन टीएच’, म्हणजे कमीत कमी किती जाडी हवी ते, दाखवलंत, जाडी मोजलीत आणि म्हणालात, “अजून बसते मापात, वाकलेली पण नाही. उगाच कशाला?” हा ‘उगाच कशाला’ मी कुठल्याच बिलावर वाचलेला नाही. नाना पेठेतून केबल आली, दोन्ही चाकांचे पॅड, ब्रेक ऑइल नवीन. रविवारी धावून आल्याचे पैसे मात्र लावले नाहीत. मी वाद घातला, तर तुम्ही फाटक ओढायला लागलात.

आता आमच्या तळजाईच्या बाजूच्या उतारावर गाडी हँडब्रेकच्या सहाव्या दात्याला घट्ट उभी राहते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पावसात आठ-आठ दिवस उभी ठेवायची असेल, तर भावाकडे सपाटीवर लावते, पहिल्या गिअरमध्ये, चाकाला दगड, हँडब्रेक न ओढता. उतारावर मात्र ओढतेच, शिवाय गाडीचं तोंड खाली असेल तर पुढची चाकं फुटपाथकडे वळवते.

जुनी केबल मी मागून घेतली होती, आठवत असेल. ती घरी आणून दिरांच्या हातात दिली आणि म्हटलं, ओढा. त्यांनी ओढली. म्हटलं, आता सोडा. तार होती तिथेच राहिली. दोनदा-तीनदा करून बघितल्यावर म्हणाले, “गंजली होती वाटतं.”

वाटतं!

पुढच्या आठवड्यात चकल्या घेऊन येते. गाडी रस्त्याच्या पलीकडे लावीन, तुमच्या दारात नाही.

आपली,
डाव्या मागच्या चाकवाली ताई