प्रकाशाच्या वन-वे बद्दल राहिलेली मेन गोष्ट

संपादक साहेब, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत प्रकाशाला वन-वे करणाऱ्या काचेच्या रिंगांवर लेख आला, मराठीत असा विषय वाचायला मिळाला म्हणून खरंच आनंद झाला. पण त्यात म्हटलंय की एकीकडे प्रकाश वाढवायचा, दुसरीकडे तेवढाच शोषायचा, म्हणजे गेन आणि लॉस, की झालं, प्रकाश एका बाजूने जातो आणि उलटा येत नाही. तसं नाहीये हो. नुसत्या गेन-लॉसने लॉरेन्ट्झचा रेसिप्रॉसिटीचा नियम मोडत नाही, डावीकडून उजवीकडे जितका पोचतो तितकाच उजवीकडून डावीकडे पोचणार. तो मोडायला चुंबक लागतो, किंवा वेळेनुसार बदलत राहणारं मटेरियल, नाहीतर नॉनलिनिअर इफेक्ट, म्हणजे प्रकाश किती जोरदार आहे त्यावर मटेरियलचं वागणं बदलणं.

आणि लेखातल्या 2014 च्या त्या अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्रयोगात नेमका नॉनलिनिअर इफेक्टच होता! वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत लान यांग यांच्या ग्रुपने सिलिकाच्या दोन बारीक रिंगा शेजारी ठेवल्या, एकीत एर्बियम हा धातू घालून, पंप लेझरने त्याचे अणू उत्तेजित करून गेन दिला, दुसरीत फक्त लॉस. (ज्यांच्या 1998 च्या ‘पीटी सिमेट्री’च्या, म्हणजे इथे गेन आणि लॉसच्या समतोलाच्या, थिअरीवर हे सगळं उभं आहे ते कार्ल बेंडर तिथलेच, त्या पेपरवर त्यांचंही नाव आहे.) रिंगा जवळ असताना प्रकाश दोघींत वाटला जातो आणि दोन्ही बाजूंनी सारखाच जातो. लांब नेल्या की ही सिमेट्री तुटते, प्रकाश गेनवाल्या रिंगेत साठत जातो आणि तिथे इतका वाढतो की एर्बियमचे उत्तेजित अणू पुरेनासे होतात, म्हणजे गेन सॅच्युरेट होतो. आता हा गेन किती उतरेल ते प्रकाश आधी कुठल्या रिंगेत शिरला यावर ठरतं, म्हणून दोन दिशांना दोन वेगळी उत्तरं येतात. सिमेट्री तुटल्यामुळे हे कमी पॉवरलाच दिसलं, हेच तर त्या कामाचं खरं कौतुक आहे, आणि लेखात सॅच्युरेशन हा शब्द एकदाही नाही.

मी हे कीस पाडायला लिहीत नाहीये. रिफ्लेक्शन होऊन परत येणारा प्रकाश लेझर बिघडवतो, म्हणून पुढे आयसोलेटर, म्हणजे प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लावतात, आणि लेख वाचून कुणालाही वाटेल की आता चिपवरच्या आयसोलेटरचा प्रश्न मिटला. पण 2015 मध्ये स्टॅनफर्डच्या शानहुई फान यांच्या ग्रुपने दाखवलं की केर-प्रकारचे (प्रकाशाच्या जोरानुसार ज्यांचा अपवर्तनांक बदलतो असे) नॉनलिनिअर आयसोलेटर, पुढे जोरदार सिग्नल चालू असताना, उलटा येणारा बारीक नॉइज अडवू शकत नाहीत, आणि लेझरला त्रास नेमका तेव्हाच होतो. एकेका दिशेने वेगवेगळं मोजलं तर सगळं छान दिसतं, दोन्हीकडून एकदम प्रकाश सोडला की खरं कळतं.

कॉलेजची मुलं असे लेख कापून सेमिनारला वापरतात, माझेच विद्यार्थी वापरायचे. पुढच्या रविवारी गेन सॅच्युरेशनबद्दल निदान चार ओळी छापा, आणि जमलं तर रिंगा जवळ असतानाचा आणि लांब नेल्यावरचा असे दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी द्या.

— फिजिक्सचा एक निवृत्त शिक्षक, सांगली