प्राचीन संस्कृतींच्या नकाशांच्या सेटमधल्या चुकांबद्दल तक्रार

नमस्कार,

तुमच्याकडून प्राचीन संस्कृतींच्या नकाशांचा सेट सहावी-सातवीच्या वर्गासाठी मागवला होता. छपाई, कागद सगळं चांगलंय, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही, पण नकाशांवर जे छापलंय ते मी मुलांसमोर लावू शकत नाही.

इजिप्तचाच नकाशा घ्या. समुद्राजवळ 'अप्पर इजिप्त' आणि खाली दक्षिणेला 'लोअर इजिप्त' लिहिलंय, म्हणजे बरोबर उलटं. नाईल दक्षिणेकडच्या उंच भागातून उत्तरेला भूमध्य समुद्राकडे वाहते, त्यामुळे दक्षिणेचा तो अप्पर आणि त्रिभुज प्रदेशाचा तो लोअर. नकाशात वर म्हणजे उत्तर, उंच नाही, हे या वयात पक्कं करायचं असतं आणि तुमचा नकाशा तिथेच घोळ घालतो.

वर शीर्षक इ.स.पू. २५०० चं आणि आत नासेर सरोवर! ते आस्वानच्या मोठ्या धरणामुळे १९६० नंतर तयार झालं. सुएझ कालवाही दाखवलाय, तो १८६९ चा. अहो, धरण नव्हतं म्हणून तर दरवर्षी पूर यायचा, गाळ पसरायचा, त्यावर गहू-जव पिकायचं आणि त्याच्याच जोरावर पिरॅमिड बांधणाऱ्यांची पोटं भरायची, हे सगळं शिकवून झाल्यावर एखाद्या मुलीने नकाशातलं सरोवर दाखवून विचारलं की पाणी अडवलं होतं तर पूर कसा यायचा, तर तिचा प्रश्न बरोबरच आहे ना, चूक नकाशाची आहे.

मेसोपोटेमियाच्या नकाशात किनारा आजचाच ठेवलाय. त्यामुळे उर शहर समुद्रापासून पार लांब दिसतं, आणि ते आखातातल्या व्यापाराचं बंदर होतं हे मुलांना पटतच नाही. टायग्रिस-युफ्रेटिसच्या गाळाने किनारा पुढे सरकलाय, हा तर इतिहास-भूगोल एकत्र शिकवायचा सगळ्यात सुंदर मुद्दा.

टाइमलाइनवर क्लिओपात्राचा मृत्यू, इ.स.पू. ३०, हा त्याहून कितीतरी जुन्या अशा खुफू राजाच्या पिरॅमिडच्या आधी टाकलाय. इ.स.पू.चे आकडे उलटे मोजायचे असतात एवढं तरी कोणी तपासायला हवं होतं.

कस्टमर केअरचं उत्तर आलं की सेट परत करा, रिफंड देतो. मला रिफंड नकोय. दुरुस्त नकाशे छापा, हा सेट घेतलेल्या सगळ्यांना चुका कळवा आणि दुरुस्त प्रती मोफत पाठवा, कारण बाकीच्या वर्गांत हे नकाशे भिंतीवर लागलेत. कधीपर्यंत करणार ते लेखी कळवा.

एक शिक्षिका