मंत्रिमहोदय, माझा उपचार मधेच कुणी थांबवला?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून मुद्द्याचं आधी लिहितो. सोलापुरातल्या एका सरकारी रुग्णालयात दर बुधवारी माझं समुपदेशन चालू होतं. दिवाळीनंतर गेलो तर खोलीला कुलूप. समुपदेशन करणाऱ्या मॅडमचा करार संपला, मुदतवाढीचा आदेश वरून आलाच नाही, हे केसपेपरच्या खिडकीवर कळलं. "महिनाभरात नवीन मॅडम येतील," असं तिथल्या अधिकाऱ्यांनी तोंडी सांगितलं. संक्रांत गेली, शिवरात्र गेली, कुणी आलं नाही. आता मला झोपेची गोळी लिहून देतात आणि पुढच्या महिन्यात या म्हणतात.

मी कशासाठी जात होतो ते सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून आमचं गाव नुकतंच झोपलं होतं. उमरगा तालुक्यातलं गाव. घरं दगडामातीची, भिंती हात-दोन हात जाड, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. ऊन-पावसासाठी वर्षानुवर्षं त्यावर मातीचे थर चढवलेले. ती सगळी माती आमच्या अंगावर आली. मी नऊ वर्षांचा होतो. आई लगेच गेली. धाकटी बहीण माझ्या शेजारीच अडकली होती आणि बराच वेळ माझ्याशी बोलत होती. मला आज्ज्याने उकरून बाहेर काढलं. तिला काढेपर्यंत उशीर झाला होता. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

मामाने मला सोलापूरला आणलं. मामाचं घर पूर्व भागात, खाली यंत्रमाग. पहाटे माग सुरू झाले की वरची फरशी थरथरायची. आख्खी गल्ली त्या आवाजात गाढ झोपायची आणि मी रस्त्यावर पळत यायचो. मामीने अंगारे लावले, देवदेवस्की केली. बाकीचे म्हणायचे, पोरगं लई भित्रं. मागावर उभं राहणं मला कधीच जमलं नाही, म्हणून टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम बघायला पोरांना बायकोच नेते. अनंत चतुर्दशीच्या रात्री मी अजून आडवा होत नाही, दाराशी चपला घालून बसतो. घरात कुणी आतून कडी लावली तरी मला धाप लागते. शेवटी बारावीतल्या माझ्या मुलीने माझा हात धरून मला रुग्णालयात नेलं.

मॅडमनी सुरुवातीला भूकंपाचं नावही काढलं नाही. पाय जमिनीवर टेकवा, खोलीत काय दिसतंय ते सांगा, आज कुठला महिना, कुठलं वर्ष ते मोठ्याने म्हणा. हे अंगवळणी पडल्यावर ती रात्र पहिल्यापासून क्रमाने सांगायची, पुन्हा पुन्हा. आठवण टाळत राहिलं की भीती तेवढीच ताजी राहते, आणि सुरक्षित जागी बसून ती सांगितली की हे सगळं होऊन गेलंय हे शरीराला हळूहळू पटतं, असं त्यांनी समजावलं. साहेब, मला हे पटत नव्हतं. पण दसऱ्याच्या आसपास मी मागांच्या खोलीत उभा राहून आख्खा चहा प्यायलो. तीस वर्षांत पहिल्यांदा. आणि ज्या बुधवारी मी माझ्या बहिणीच्या बोलण्यापर्यंत पोचलो, त्याच्या पुढच्या वेळी खोलीला कुलूप होतं.

पोट उघडल्यावर सर्जनचा करार संपला म्हणून पेशंटला तसाच टेबलावर सोडून जाल का? मग मला कसं सोडलंत? आता ती आठवण रोज येते आणि ती ऐकायला कुणी नाही. पूर्वी निदान ती दाबून ठेवता येत होती.

मी चैन मागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३च्या मार्गदर्शक सूचनांत पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर मनात राहून जाणाऱ्या आजारासाठी, आघातावर काम करणारी सीबीटी (विचार आणि वागणं हळूहळू बदलायचा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत आठवण हाताळायचा उपचार) सुचवली आहे. दोन्ही बोलण्याच्या, बसण्याच्या पद्धती आहेत, शिकलेल्या माणसानेच करायच्या. त्याला यंत्र लागत नाही, ऑपरेशन थिएटर लागत नाही. दोन खुर्च्या, एक बंद दार आणि दर आठवड्याला तोच माणूस लागतो. हा 'तोच माणूस'च तुमच्या अकरा महिन्यांच्या करारात बसत नाही.

कायदाही तुमचाच. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू झाला २९ मे २०१८ला. कलम १८ म्हणतं की सरकारी मानसिक आरोग्य सेवा हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि किमान सेवा जिल्ह्यात सरकारकडे नसेल तर जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने उचलायचा. मी खासगीत चौकशी केली. एका बैठकीचे हजार-बाराशे. माझा पगार बघता महिन्याला चार बैठका म्हणजे घरातलं रेशन की माझी झोप, एवढाच प्रश्न उरतो. कलम १८चा अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा, हे मला एकाही टेबलावर सांगता आलं नाही. जवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय येरवड्याला, अडीचशे किलोमीटरवर. १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पलीकडची मुलगी आपुलकीने बोलली, तिच्याबद्दल तक्रार नाही. ती रात्र निभावली. पण माझा उपचार फोनवरच्या एका रात्रीचा नाही.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ साली सुरू झाला. त्यात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका अशी सगळी पदं कागदावर आहेत. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११लाच ४३ लाखांवर होती. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या शंभरातल्या दहाहून जास्त प्रौढांना मानसिक आजार आढळला, आणि बहुतेक आजारांत सत्तर टक्क्यांहून जास्त लोक उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. लावा हिशेब. जिल्ह्यातले नुसते प्रौढ धरले तरी तीन लाखांच्या आसपास माणसं, आणि त्यांच्यासाठी एक कुलूप.

१९९३ नंतर सरकारने जागतिक बँकेचं कर्ज काढून नवी गावं वसवली, भूकंपात टिकणारी घरं दिली. ते उपकार मी विसरलो नाही. पण मला रात्री काय दिसतं, हे कुठल्याही पंचनाम्यात कुणी विचारलं नाही. आजही तेच चाललंय. १८ मे २०२५ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली, आठ माणसं गेली. सप्टेंबर २०२५मध्ये सीना नदीचं पाणी माढ्याच्या, मोहोळच्या गावांत शिरलं. मदतीचे आकडे जाहीर झाले, पिकांचे, जनावरांचे पंचनामे झाले. आग बघितलेल्या कामगारांशी, पुरातून काढलेल्या लेकरांशी आठवडे-आठवडे बसून कोण बोललं? एक नाव सांगा. ही लेकरं चाळीशीत येऊन माझ्यासारखी पत्रं लिहिणार का? जे मोजता येतं तेवढंच नुकसान, आणि ज्याचा फोटो काढता येतो तेवढीच मदत, ही तुमची सगळ्यांची रीत झाली आहे. पक्ष कुठलाही असो.

मागणं थोडं आहे. समुपदेशकाचं पद कायम भरा. ते भरेपर्यंत जुन्याच मॅडमना मुदतवाढ द्या, कारण मी पुन्हा पहिल्या दगडापासून कुणा नवीन माणसाला सांगू शकणार नाही. कलम १८चा अर्ज जिल्ह्यात कुणी घ्यायचा त्या अधिकाऱ्याचं पद रुग्णालयाच्या भिंतीवर लावा. आणि उत्तर लेखी द्या, तारखेसह. अनंत चतुर्दशीच्या आधी.

आपला,
पूर्व भाग, सोलापूर येथील एक भूकंपग्रस्त