शेजारच्या आजींना, वर्षभराच्या सणांबद्दल

प्रिय आजी,

आमची लेक तुम्हाला आजी म्हणते आणि तुम्ही त्या हाकेला ओ देता, म्हणून मीही तेच म्हणते. पत्र मराठीत आहे, लेक तुम्हाला समजावून सांगेल. कोकणातून, गोव्यातून आमच्यासारखी माणसं अजूनही इंग्लंडमधल्या स्विंडनला येतात आणि इथला पहिला हिवाळा त्यांना जड जातो. तुम्ही विक्का पाळता, म्हणजे निसर्ग आणि ऋतू पूजणारा धर्म. त्याच्या सणांतून तुम्ही मला जे दिलंत, ते त्यांच्याही कानावर जावं म्हणून हे उघडं पत्र.

डिसेंबरात इथे दिवस जेमतेम आठ तासांचा. मुंबईत वर्षातला सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास असतो. दुपारी चारला काळोख दाटला की माझा जीव घाबरा व्हायचा. सगळ्या खोल्यांत दिवे आणि वर टीव्ही लावून मी बसायचे. यूलच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लांब रात्रीच्या सणाला, २१ डिसेंबरच्या सुमारास, तुम्ही आम्हाला घरी बोलावलंत आणि घरातले सगळे दिवे मालवलेत. लेक मला बिलगली. बराच वेळ नुसता फ्रिजचा आवाज येत होता. मग तुम्ही एक मेणबत्ती पेटवलीत, तिच्यावरून दुसरी लेकीच्या हातून लावून घेतलीत, तिसरी माझ्या. उद्यापासून दिवस वाढणार, एवढंच म्हणालात. मग आलं घातलेला केक. त्या रात्री मला पुढच्या महिन्यांना धरायला काहीतरी मिळालं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला इम्बोल्क, वसंताच्या चाहुलीचा सण, आला. तुमच्या मागच्या अंगणात स्नोड्रॉपची पांढरी फुलं मान खाली घालून उभी होती. उंबऱ्यापासून बाहेरच्या दिशेने झाडू मारायचा, खिडकीत पांढरी मेणबत्ती ठेवायची आणि थोडं दूध झाडाच्या मुळाशी ओतायचं, कारण मेंढ्यांना दूध येण्याचे हे दिवस. मार्चमध्ये दिवस-रात्र समान झाली की ओस्टारा, त्या दिवशी कुंडीत बिया पेरल्या. १ मेला बेल्टेन, तेव्हा हॉथॉर्नचं काटेरी झाड फुललेलं असतं. त्याची फांदी घरात आणू नये, हा जुना समज तुम्ही आजही पाळता.

एव्हबरीच्या प्राचीन दगडी वर्तुळाची सहलही तुमच्यामुळेच झाली. चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी उभे केलेले ते प्रचंड दगड, त्यांच्यामध्ये चरणाऱ्या मेंढ्या आणि वर्तुळाच्या आतच वसलेला गावाचा काही भाग. तिथल्या बीच झाडांवर लोक फिती बांधतात. तुम्ही लेकीच्या हातात साधा लोकरीचा धागा दिलात, कारण तो कुजतो. जवळच्या वेस्ट केनेटच्या प्राचीन थडग्यात मात्र तुम्ही मेणबत्ती लावू दिली नाहीत, काजळीने दगड खराब होतात म्हणालात. तुमची श्रद्धा मला तिथे सगळ्यात जास्त कळली.

तुमच्या खरेपणाबद्दलही आभार. विक्का आज दिसतो त्या रूपात फार जुना नाही, हे तुम्हीच सांगितलंत. १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, १९५४ मध्ये विक्का लोकांसमोर आणणारे जेराल्ड गार्डनर यांचं पुस्तक आलं आणि आठ सणांचं हे चक्रही त्याच दशकात जुळलं. शरद ऋतूतल्या सणाला मेबन हे नाव तर १९७० च्या दशकात अमेरिकेत मिळालं. शेकोट्या आणि पिकाचे सण त्याहून कितीतरी जुने आहेत. नवं काय आणि जुनं काय, हे असं निवडून सांगणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत.

लॅमस मला सगळ्यात जवळचा. १ ऑगस्टला नव्या गव्हाचा पाव, तुमच्या ओट्यावर पीठ पसरलेलं आणि लेक कणकेच्या तीन दोऱ्यांची वेणी घालत बसलेली. आमच्या कोकणात नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात, ते मी तुम्हाला सांगितलं. पुढच्या वर्षी तुमच्या दारावर गव्हाच्या लोंब्या होत्या.

आणि साविन, ३१ ऑक्टोबर. आपल्या गेलेल्या माणसांसाठी पान मांडून गप्प बसून जेवायची ती रात्र. बाबांना काय आवडायचं, असं तुम्ही मला विचारलंत. मी घावने आणि नारळाची चटणी केली. तुमच्या यजमानांच्या निळ्या ताटलीशेजारी बाबांचं ताट मांडलंत, दोन्हींपुढे एकेक दिवा ठेवलात. मी पितृपक्षाला इथे काही करू शकले नव्हते. त्या रात्री जेवताना मी रडले आणि तुम्ही रडू दिलंत. याचे आभार कसे मानायचे, मला खरंच सुचत नाही.

तुम्ही मला कधी विक्कात ये म्हणाला नाहीत. आमच्या गणपतीसमोर चपला काढून हात जोडलेत. मेलबर्नच्या माझ्या बहिणीने विचारलं तेव्हा तिला सांगितलंत, की तुमच्याकडे हिवाळा जूनमध्ये, म्हणून यूलही जूनमध्ये करा, खिडकीबाहेर जो ऋतू असेल तोच साजरा करायचा. मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला आता हेच सांगते: एक मेणबत्ती, एक पाव, ऋतूचं एखादं फूल आणि संध्याकाळचा फेरफटका एवढ्यावर सुरुवात होते.

तुमचे गुडघे या वर्षी फार दुखतायत, तेव्हा लॅमसचा पाव आमच्या घरी भाजू. पीठ मी आणते, तुम्ही फक्त खुर्चीत बसून लेकीला वेणी शिकवा.

तुमची,
पलीकडच्या दारातली शेजारीण