नदीत बीज सोडण्याआधी

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, मंडळातर्फे यंदा काळ नदीत महसीर माशाचं बीज, म्हणजे त्याची पिलं, सोडायचं घाटतंय असं तुम्ही फोनवर सांगितलंत आणि मी फक्त "जरा थांबा, लिहून कळवते" एवढंच म्हणाले. सांगायचं बरंच होतं. हे पत्र बैठकीत वाचून दाखवलंत तरी माझी हरकत नाही.

आई नेहमी विचारते, "मासा डोळ्यांनी बघून ओळखता येत नाही का गं?" बहुतेक मासे येतात. महसीर मात्र फसवतो. एकाच जातीच्या एका माशाचे ओठ जाड, दुसऱ्याचे पातळ. एकाच्या परांना निळसर झाक, तर दुसऱ्या डोहातला सोनेरी. वय, खाणं, पाण्याचा वेग यांनी त्याचं रूप पालटतं. म्हणून गेली दोनशे वर्षं अभ्यासक त्याला नावं देत आले आणि त्यांतली कितीतरी मागे घ्यावी लागली. कर्नल साइक्सने 1839 साली आपल्या दख्खनच्या नद्यांतून ज्याचं वर्णन केलं तो निळ्या परांचा महसीर, टॉर खुड्री, हा आपला घाटमाथ्यावरचा.

मग आम्ही मासे अभ्यासणारे पेशीत शिरतो. आई, प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया असतात आणि त्यांचा स्वतःचा वेगळा, छोटासा डीएनए असतो. तो फक्त आईकडून येतो. माझ्यातला तुझा आहे, तुझ्यातला आजीचा, आणि तसाच मागे मागे. माशांतही तेच. त्यात बापाच्या वाट्याची सरमिसळ होत नाही, म्हणून आईकडची वंशरेषा सरळ वाचता येते. शिवाय एका पेशीत त्याच्या शेकडो, कधी हजारो प्रती असतात, त्यामुळे जुन्या वाळक्या खवल्यातूनही तो हाती लागण्याची आशा असते. माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा इथेनॉलमध्ये ठेवला की काम होतं, मासा परत पाण्यात.

माशांचा हा सगळा डीएनए साधारण साडेसोळा हजार अक्षरांचा. त्यातल्या सीओआय या जनुकाचा सुमारे 650 अक्षरांचा तुकडा प्राण्यांची ओळख पटवायला वापरावा, असं कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी 2003 मध्ये सुचवलं. त्यालाच आता डीएनए बारकोड म्हणतात. बाबा, नाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, ते तुम्हीच मला सांगितलं होतं. एका लेखनिकाची चूक त्याच्या पोथीवरून उतरवलेल्या प्रत्येक पोथीत जाते, आणि सारख्या चुका असलेल्या पोथ्या एका घराण्याच्या ठरतात. डीएनएच्या अक्षरांत पिढ्यान्‌पिढ्या साठलेले बदल आम्ही असेच ताडतो.

आता कावेरीची गोष्ट. तुमच्या मंडळापर्यंत पोचावी असं मला वाटतं ती हीच. कावेरीत पाठीला उंच वशिंड असलेला एक महसीर होता. 1946 साली कबिनी नदीत 120 पौंडांचा, म्हणजे चोपन्न किलोंहून जड, असा एक गळाला लागल्याची नोंद आहे. जगभरचे हौशी मासेमार त्याच्यासाठी येत. एवढा नावाजलेला मासा, पण त्याला शास्त्रीय नावच नव्हतं. काहींनी साइक्सचंच दुसरं एक नाव, मुसुल्ला, त्याला चिकटवलं होतं. ते मुळात वेगळ्याच माशाचं निघालं.

महसीर सगळीकडेच कमी होत होते. 1970च्या दशकापासून लोणावळ्याच्या हॅचरीत, म्हणजे माशांची पैदास करणाऱ्या केंद्रात, आपल्या टॉर खुड्रीचं बीज तयार होऊ लागलं आणि ते देशभर गेलं. ते काम मनापासून झालं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. महसीरची पैदास करणं तेव्हा फार अवघड होतं. पण ते बीज कावेरीतही सोडलं गेलं, जिथे हा मासा मूळचा नव्हताच. गळाने धरून परत सोडलेल्या माशांच्या 1998 ते 2012 च्या नोंदी पुढे तपासल्या गेल्या, तेव्हा निळ्या परांचे वाढत गेलेले आणि वशिंडवाले जवळजवळ नाहीसे झालेले दिसले. महसीर भरपूर मिळतोय म्हणून नदी सुधारली असं वाटत होतं. कुठला महसीर, हे विचारलं गेलं नव्हतं.

2018 मध्ये एड्रियन पिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते, मोयार नदीतल्या वशिंडवाल्या माशांचा मायटोकाँड्रियल डीएनए ताडून पाहिला. तो केरळातल्या पांबार नदीतल्या टॉर रेमादेवी या जातीशी जुळला. ही जात 2007 मध्येच वर्णिली गेली होती, पण लहान पिलांवरून, आणि पिलांना वशिंड कुठून असणार! मोयार आणि पांबार दोन्ही कावेरीच्याच खोऱ्यातल्या. नाव मिळालं आणि त्याच वर्षी आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या संकटातल्या जातींच्या यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला. नाव नसलेल्या माशाची त्या यादीत सहसा नोंद होत नाही. ते प्रसिद्ध झालेलं काम वाचताना मला आनंदही झाला आणि रागही आला. हे चाळीस वर्षं आधी कळलं असतं तर!

या डीएनएने सगळंच उलगडतं असं मात्र नाही. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातल्या सिक्लिड माशांच्या शेकडो जाती आहेत. 1990 मध्ये अॅक्सेल मायर आणि सहकाऱ्यांनी त्यांतल्या चौदा तपासल्या, तेव्हा त्यांच्यात मिळून माणसामाणसांत असतो त्याहूनही कमी फरक आढळला. हे सारे अलीकडेच एका पूर्वजापासून निघालेत एवढं त्यातून कळलं. जाती वेगळ्या करता आल्या नाहीत. संकर झाला तर आणखी अवघड, कारण दिसते ती आईच, बाप दिसत नाही. म्हणून पेशीच्या केंद्रकातला, आई-बाप दोघांकडून येणारा डीएनए, खवल्यांची मोजणी, तोंडाची ठेवण हे सगळं शेजारी ठेवावं लागतं. नुसत्या बारकोडवर जात ठरवून मोकळं होणं मला पटत नाही.

बाबा, काळ नदी सावित्रीला मिळून अरबी समुद्राला जाते. लोणावळ्याची तळी मूळची भीमेच्या खोऱ्यातली. मध्ये सह्याद्रीचा कणा. काळ नदीवरच्या वाळणकोंडीच्या डोहात लोक ज्यांना कुरमुरे घालतात ते देवाचे मासे घाटावरच्यांपेक्षा किती वेगळे आहेत हे आधी पाहायला हवं. एकदा बाहेरचे मासे मिसळले की तो प्रश्न कायमचा विचारता येणार नाही. देवाच्या माशांना कुणी हात लावावा असं मी म्हणत नाही. पाणी गाळून त्यात सुटलेला डीएनए तपासता येतो, फक्त इतक्या जवळच्या जातींत तेवढ्याने भागेलच असं नाही. एखादा मासा आपणहून मेलेला सापडला तर पुजाऱ्यांच्या आणि मत्स्य विभागाच्या परवानगीने पराचा तुकडा घेता येईल. गणपतीला येताना मी बाटल्या घेऊन येते.

तोवर बीज कुठल्या हॅचरीचं आणि त्याचे आईबाप कुठल्या नदीतले, हे मंडळाने लेखी मागावं. उत्तर आलं नाही तर तेच पैसे डोहाकाठची वाळू उपसण्याविरुद्ध आणि सुरुंग लावून होणाऱ्या मासेमारीविरुद्ध राखण ठेवायला वापरा. त्यासाठी कुठलीही तपासणी लागत नाही.

आई, डोळ्यांचे थेंब चुकवू नकोस. बाबा, नदीवर जाताना काठी घ्या, उतार निसरडा असेल. बैठक कधी आहे ते कळवा. त्या संध्याकाळी मी फोनवर असेन, कुणाला विचारायचं असेल तर विचारू दे.

तुमची,
लेक